जरा टेकू द्या तिला

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरात कोण येत नाही? रद्दीवाला येतो, रंगारी येतो, पोस्टमन हसतमुखाने येतो आणि वर्षभर टाळलेले पाहुणेही येतात. यंदा या मंडळींच्या जोडीला आमच्याकडे एक हॅमस्टर आला. आला म्हणजे माझ्या मेहुण्यांनी आणला, दहा वर्षांच्या भाचीला दिवाळीची भेट म्हणून.

आईने पिंजऱ्यात डोकावून पाहिले आणि मला विचारले, “अरे, उंदीर घराबाहेर काढायला आपण पिंजरा लावतो. तुम्ही तो पिंजऱ्यासकट विकत आणता?”

हा उंदीर नव्हे, उंदराचा दूरचा नातेवाईक, हे मी तिला परोपरीने पटवले. पाठ सोनेरी, पोट पांढरे, शेपूट असून नसल्यासारखी. सूर्यफुलाच्या चार बिया पुढे टाकल्या, त्या तिने (ही मादी होती) न चावता गालांत कोंबल्या. दोन्ही गाल सारण भरल्यासारखे टम्म फुगले. कन्येने जागच्या जागी बारसे उरकले : करंजी!

पण बारशाचा आनंद तासभरच टिकला. पिंजरा बैठकीच्या खोलीत, टेबलावर, अगदी मधोमध. शेजारची चार मुले दर्शनाला आली. मी फोनचा दिवा पाडून फोटो काढले. कन्येने वरून हात घालून करंजीला उचलायला पाहिले आणि ती कडाडून चावली. बोटाला रक्त, डोळ्यांना पाणी. “तिला मी आवडतच नाही!” एवढ्यात खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. करंजी कोपऱ्याला जी चिकटली, ती सकाळपर्यंत हलली नाही. बिया तशाच, पाणीही तेवढेच.

त्या रात्री मी या प्राण्याविषयी वाचत बसलो, आणि वाचता वाचता माझी झोप उडाली. नव्या जागेच्या धसक्याने हॅमस्टरच्या पिलांना जुलाब लागतात आणि वेळीच डॉक्टर गाठला नाही, तर दोन-तीन दिवसांत सारे आटोपते. म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला घरात रडारड!

मग कळले की हे भित्रेपण तिच्या कुळातच आहे. १९३० च्या एप्रिलमध्ये इस्राएल अहरोनी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ सीरियातल्या अलेप्पोजवळ गव्हाचे शेत खणत होते. शॉल अॅडलर या त्यांच्या जेरुसलेमच्या सहकाऱ्याला काळ्या आजारावरच्या संशोधनासाठी हॅमस्टर हवे होते. हा काळा आजार म्हणजे आपल्या बिहार-बंगालला छळणारा तोच. शेतात एक आई आणि तिची अकरा पिले सापडली. त्यांना पेटीत घालताच भेदरलेल्या आईने आपल्याच एका पिलाला मारले. उरलेल्यांपैकी काही पळाली, काही दगावली. जी थोडी जगली त्यांचाच वंश वाढला. आज घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक सारे त्या एका बिळातले. जमिनीखाली साधारण दोन फूट खोल, अंधारात, एकट्याने राहणारी ही जात. तिला आम्ही दिव्याखाली टेबलावर मांडून ठेवले होते!

सकाळी चहाच्या वेळी मी हे सारे आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी लग्न होऊन आले १९६६ साली. गिरगावातल्या दोन खोल्या आणि माणसं नऊ. चाळीतल्या बायका रोज मला बघायला यायच्या. कुणी म्हणे नाव घे, कुणी म्हणे वर बघ. माझ्या घशाखाली घास उतरेना. चौथ्या दिवशी सासूबाईंनी कपाट आणि भिंत यांच्यामधे दोरी बांधली, तिच्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं आणि दारातल्या बायकांना म्हणाल्या, ‘जरा टेकू द्या तिला.’ त्या लुगड्याआड बसून मी सासरी पहिल्यांदा पोटभर जेवले.”

माझी आजी कडक म्हणून साऱ्या चाळीत प्रसिद्ध होती. हे लुगडे मला पन्नाशीत कळले.

आई उठली, ट्रंकेतून जुन्या सुती पातळाचा तुकडा काढून आणला आणि म्हणाली, “चल, कुठे आहे तुमची करंजी?”

मग कामाला लागलो. मेहुण्यांचा पिंजरा पोपटाला शोभेल असा, उंच नि अरुंद. त्याऐवजी माळ्यावरची माशांची जुनी काचपेटी उतरवली. साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. याहून मोठी मिळाली तर उत्तमच. तळाला कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांचा आठ-दहा इंच थर दिला, म्हणजे तिला बीळ खणता येईल. कापूस मुद्दाम टाळला, कारण तो पायांना गुरफटतो आणि पोटात अडकतो. जुन्या पिंजऱ्यातला मूठभर कागदही त्यात मिसळला, कारण तिच्या ओळखीचा वास तेवढाच होता. एक मडके आडवे ठेवले. पळायचे चाक सलग पृष्ठभागाचे आणले. गजांच्या चाकात पाय अडकतो. वर जाळीचे झाकण बसवले. पेटी आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवून तीन बाजूंनी आईचे पातळ सोडले. वरची बाजू हवेसाठी मोकळी.

सगळ्यांत अवघड काम कन्येचे होते : काहीही न करणे. पहिले तीन दिवस फक्त संध्याकाळी दाणापाणी ठेवायचे, दोन शब्द हळू आवाजात बोलायचे आणि निघून यायचे. दिवसा उठवायचे नाही, कारण हा प्राणी रात्रीचा. चौथ्या दिवसापासून हात धुऊन नुसता आत टेकवून ठेवायचा. हात धुण्याचे कारण मोठे मजेचे आहे. हॅमस्टरची नजर अधू, त्याचा सारा कारभार नाकावर. पहिल्या संध्याकाळी कन्येच्या बोटांना शंकरपाळ्यांचा वास होता. करंजी मुलीला नव्हे, शंकरपाळ्याला चावली होती! हे ऐकून कन्येचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या रात्री, फटाके थांबल्यावर, मला जाग आली. आतल्या खोलीतून चाकाचा बारीक घरघराट येत होता. सौ. उठून बसली होती. आईही जागीच होती. कुणी दिवा लावला नाही. तिघेही अंधारात ऐकत राहिलो.

भाऊबिजेच्या संध्याकाळी करंजी मडक्यातून बाहेर आली, कन्येच्या तळव्याभोवती नाक फिरवले, बी उचलली, गालात टाकली आणि गेली. एवढेच. पण कन्या पाच मिनिटे श्वास रोखून बसली होती आणि नंतर घरभर चवड्यांवर नाचली.

तेवढ्यात मेहुणे ओवाळून घ्यायला आले. पाटावर बसण्याआधीच म्हणाले, “कुठे आहे आमची करंजी? आण पाहू बाहेर!”

कन्या आतल्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“मामा, हळू बोल. आज नको. जरा टेकू दे तिला.”

आई देवापुढे निरांजन लावत होती. तिने वळून पाहिले नाही. पण तिचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला.