जकातीची भिंत आणि शेतकऱ्याची झोळी

अमेरिकेचा शेतकरी म्हटला कीं आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें शेंकडों एकरांचें रान, दाराशीं ट्रॅक्टर आणि हातांत खुळखुळता पैसा असें चित्र उभें राहतें. तें अगदींच खोटें नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या शेतकऱ्यावरही सरकारी मदतीकडे डोळे लावून बसण्याची पाळी वारंवार आली आहे, आणि ती पाऊस न पडल्यामुळें नव्हे. पीक उदंड येतें, पण गिऱ्हाईक नाहींसें होतें. आणि त्या गिऱ्हाइकाला घालविणारें त्याचेंच सरकार असतें. हें कसें घडतें तें आमच्या कष्टकरी वाचकांनीं नीट समजून घ्यावें. कारण त्या वणव्याची धग आमच्या बांधापर्यंत पोंचते.

परदेशचा माल बंदरांत उतरला म्हणजे सरकार त्यावर जो कर घेतें ती आयात जकात. पुढारी सांगतात कीं हा कर परका भरतो. वास्तविक बंदरावर पैसे मोजतो तो माल मागविणारा देशी व्यापारी, आणि तो ते बव्हंशीं गिऱ्हाइकाच्या माथीं मारतो. परदेशचा विकणाराही कधीं थोडा भाव सोडतो. पण मोठा बोजा घरच्याच पाठीवर पडतो. म्हणून जकात नेहमींच वाईट, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. विलायती गिरण्यांच्या कापडाला दारें सताड उघडीं टाकल्यावर आमच्या साळी-कोष्ट्यांचे माग कसे बंद पडले, तें ह्या देशानें भोगलें आहे. अमेरिकेचे कारखानेही एकोणिसाव्या शतकांत जकातीच्या भिंतीआड वाढले. तेव्हां भिंत कोणी घातली, कोणासाठीं घातली आणि तिचा खर्च कोणाच्या घरांतून गेला, हा खरा प्रश्न आहे.

शेतकऱ्याचें दुखणें येथेंच आहे. अमेरिकेंत गहूं, कापूस, सोयाबीन देशाला पुरून उरेल इतकें पिकतें. उरलेला माल परदेशीं जातो, आणि तेथल्या बाजारावर त्याचा भाव ठरतो. जो माल बाहेरून येतच नाहीं, त्याच्यावर जकात बसवून भाव कसा वाढणार? उलट नांगराचें लोखंड, कुंपणाची तार, अंगावरचें कापड हें सर्व भिंतीआडच्या चढ्या भावानें घ्यावें लागतें. महागांत घ्यावें आणि स्वस्तांत विकावें, असा हा सौदा आहे.

१९३० सालची गोष्ट पाहा. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले होते. १९२८ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार हूव्हर ह्यांनीं शेतकऱ्याला जकातीचें संरक्षण देण्याचें वचन दिलें. मसुदा शेतकऱ्याच्या नांवानें निघाला. पण कायदेमंडळांत शिरतांच प्रत्येक सभासद आपापल्या गांवच्या कारखान्याचें गांठोडें घेऊन पुढें आला. "तूं माझ्या मालाला मत दे, मी तुझ्या मालाला देतों," असा व्यवहार झाला. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनीं सही करूं नका म्हणून विनविलें, तरी १७ जून १९३० रोजीं हूव्हर ह्यांनीं सही केली. ह्या कायद्यानें अंड्यांवरील जकात डझनामागें ८ सेंटांवरून १० सेंटांवर नेली. शेजारच्या कानडा देशानें आपली ३ सेंटांची जकात १० सेंट केली. १९२९ सालीं अमेरिकेंतून कानडांत सुमारें ९ लाख डझन अंडीं जात होतीं. १९३२ सालीं तीं ८ हजार डझनांवर आलीं. जगभरच्या मंदीचें मूळ एकट्या ह्या कायद्यांत नव्हतें, हें खरें. पण बुडत्याच्या गळ्यांत त्यानें आणखी एक धोंड बांधली. १९३२ सालीं हूव्हर पडले, आणि ज्यांच्या नांवानें हा कायदा ओळखला जातो ते स्मूट व हॉले हेही पडले. ते घरीं गेले. पण शेतकऱ्याचें गेलेलें गिऱ्हाईक त्यामुळें परत आलें नाहीं.

तोच खेळ २०१८ सालीं पुन्हां झाला. अध्यक्ष ट्रम्प ह्यांनीं परदेशी पोलादावर शेंकडा २५ व अॅल्युमिनियमवर शेंकडा १० जकात बसविली, आणि चीनच्या मालावर निराळी. चीननें अमेरिकन सोयाबीनवर शेंकडा २५ जकात ठोकून उत्तर दिलें. २०१७ सालीं चीननें सुमारें १२ अब्ज डॉलरांचें अमेरिकन सोयाबीन घेतलें होतें. २०१८ सालीं तें ३ अब्जांवर आलें. दोघांचें भांडण तिसऱ्याचा लाभ, ह्या न्यायानें ब्राझीलचा शेतकरी त्या बाजारांत पाय रोवून बसला. अमेरिकेच्याच शेती खात्याचा हिशेब सांगतो कीं २०१८ च्या मध्यापासून २०१९ अखेरपर्यंत २७ अब्ज डॉलरांहून अधिक निर्यात बुडाली. सरकारनें मग एकदां १२ अब्जांची व पुन्हां १६ अब्जांची मदत जाहीर केली. ती पेरा व पीक पाहून वाटली गेली. म्हणजे मोठ्या खातेदाराला मोठा घास आणि लहानाला शितें.

कारखान्यांतील कामकऱ्याला तरी लाभ झाला काय? पोलाद ओतणाऱ्या मजुरांपेक्षां पोलाद वापरून यंत्रें, भांडीं, मोटारी घडविणारे मजूर कितीतरी पटींनीं अधिक आहेत. लोहाराला लोखंडच महाग झालें तर विळा स्वस्त कसा होईल? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें कीं संरक्षणानें कारखान्यांत जें थोडें काम वाढलें, त्याहून अधिक काम महागलेल्या कच्च्या मालानें व परदेशांच्या उलट जकातींनीं घालविलें. कपडे धुण्याच्या यंत्रांवर जकात बसली तेव्हां त्यांची किंमत शेंकडा १२ च्या आसपास चढली. सुमारें १८०० माणसांना काम मिळालें. पण अभ्यासकांच्या हिशेबानें एकेका कामापायीं गिऱ्हाइकांना वर्षाला ८ लाख डॉलरांहून अधिक भुर्दंड बसला.

मग लोक हें चालूं कां देतात? येथें पक्षाचा झेंडा आड येतो. २०२४ सालीं चार अर्थशास्त्रज्ञांनीं ह्या जकातींचा जिल्हावार हिशेब मांडला. संरक्षण मिळालेल्या भागांत काम वाढल्याचें दिसेना. उलट जकातींनीं शेतीच्या भागांतलें काम घटलें, आणि मदतीनें तें अंशतःच भरून निघालें. तरीही संरक्षण मिळालेल्या भागांत ट्रम्प ह्यांच्या पक्षाकडे मतें वळलीं! आमच्यासाठीं कोणीतरी भांडतो आहे, एवढ्यावरच माणसें समाधान पावलीं. परकीं सरकारेंही हें राजकारण ओळखून असतात. युरोपनें २०१८ सालीं मोटारसायकली व मद्य ह्यांवर नेमकी जकात बसविली. कारण तो माल त्या वेळच्या रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या प्रांतांतला होता. दुसरा पक्ष आला म्हणून भिंत पडली असेंही नाहीं. डेमोक्रॅटिक पक्षाचे बायडेन ह्यांनीं चीनवरील बहुतेक जकाती तशाच ठेवल्या, आणि २०२४ सालीं विजेवर चालणाऱ्या चिनी मोटारींवरील जकात शेंकडा १०० वर नेली.

२०२५ सालीं ट्रम्प दुसऱ्यांदा गादीवर आल्यावर जवळजवळ सगळ्या जगाशीं जकातीचें भांडण जुंपलें. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत चीननें अमेरिकेचें सोयाबीन मुळींच उतरवून घेतलें नाहीं. ऑक्टोबर अखेर दोघांची बैठक होऊन १ कोटी २० लाख टन घेण्याचें व पुढें तीन वर्षें दरसाल अडीच कोटी टन घेण्याचें ठरलें. आणि डिसेंबरांत शेतकऱ्यांसाठीं पुन्हां १२ अब्ज डॉलरांची मदत जाहीर झाली. आधीं बाजार मोडावयाचा, मग झोळींत मदत टाकावयाची आणि वर तिचे उपकार सांगावयाचे!

ह्याच वणव्याची ठिणगी महाराष्ट्रांत पडली. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें हिंदी मालावरील जादा जकात शेंकडा ५० पर्यंत चढविली. आमच्या सरकारनें त्याच महिन्यांत परदेशी कापसावरील शेंकडा ११ जकात उठविली आणि ती सवलत पुढें डिसेंबर अखेरपर्यंत वाढविली. म्हणजे वऱ्हाड-खानदेशचा कापूस घरांत यावयाच्या ऐन हंगामांत बाहेरच्या कापसाला दार मोकळें झालें. कापड-धंद्यावर घाव बसला होता, त्याला आधार हवा होता, हें आम्हांस मान्य आहे. विणकराच्या पोटाचाही तो प्रश्न आहे. पण तो आधार सरकारनें आपल्या तिजोरींतून द्यावा. कापूस पिकविणाऱ्याच्या भावांतून कां?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, जकात वाढो वा उतरो, मत मागावयास आलेल्या माणसाला, त्याचा झेंडा कोणताही असो, तीन गोष्टी विचारा. ह्या जकातीनें माझें घेणें किती महागेल? माझ्या मालाचें कोणतें गिऱ्हाईक जाईल? आणि ती ठरली तेव्हां त्या बैठकींत नांगर धरणारा व माग चालविणारा कोणी होता काय? उत्तर मिळालें नाहीं तर मत देऊं नका. पुढाऱ्यांचा पडलेला पक्ष पुढच्या निवडणुकींत पुन्हां उठतो; आपला मोडलेला बाजार तसा उठत नाहीं.