संगणकावर वाजली म्हणजे झाली नव्हे

राइट करून दिलेली सीडी गिऱ्हाइकाकडून परत येते तेव्हा तक्रार साधारण तीनपैकी एक असते. प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो. किंवा सगळे नीट वाजते, पण शेवटचा ट्रॅक उड्या मारतो. किंवा गाणे रंगात आलेले असताना मधेच दोन सेकंद शांतता पसरते. स्टुडिओतले उत्तर मात्र बहुधा एकच असते: आमच्याकडे तर व्यवस्थित वाजली, तुमचा प्लेअर दाखवून घ्या. हे उत्तर खोटे नसते. सीडी तिथे खरोखरच वाजलेली असते, पण संगणकावर. आमचे म्हणणे असे की साध्या प्लेअरसाठी केलेल्या सीडीची परीक्षा संगणकावर होऊच शकत नाही. ज्या उणिवांपाशी प्लेअर अडतो, नेमक्या त्याच उणिवा संगणकाचा ड्राइव्ह सांभाळून घेतो. तेव्हा प्लेअरवर ठपका ठेवण्याआधी आपण डिस्कवर काय लिहिले आणि कसे लिहिले हे पाहिले पाहिजे.

साध्या प्लेअरला फार थोडे कळते, आणि जे कळते ते 1980 मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेल्या 'रेड बुक' नियमांतले. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, दोन चॅनेल, जास्तीत जास्त 99 ट्रॅक, आणि डिस्कच्या आतल्या कडेला, लीड-इनमध्ये, कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची सूची. फाइल, फोल्डर, एमपी3 ही भाषा त्याला येत नाही. सीडीवर ती त्याच्या जन्मानंतर आली. कोरी सीडी-आर पुढे त्या दशकाच्या अखेरीस आली, आणि ती आलीच मुळी या अटीवर की लोकांच्या घरात आधीच असलेल्या प्लेअरवर ती चालावी. म्हणजे जुळवून घेण्याची जबाबदारी सुरुवातीपासून डिस्ककडे आणि ती लिहिणाऱ्याकडे आहे, प्लेअरकडे नाही. एमपी3 फाइली डेटा सीडी म्हणून उतरवून 'ऑडिओ सीडी' म्हणून देणाऱ्यांची गोष्ट सोडून देऊ. ती चूक एकदा कळली की सुटते. बाकीच्या चुका जास्त चिवट आहेत.

पहिली चूक फायनलाइज न करण्याची. सीडी-आरवर ट्रॅक लिहीत असताना त्यांची तात्पुरती नोंद लीड-इनच्याही आतल्या बाजूला असलेल्या एका राखीव पट्टीत होते. ती पट्टी फक्त रेकॉर्डर वाचू शकतो. सत्र बंद करेपर्यंत लीड-इन कोराच राहतो. मग होते असे की ज्या ड्राइव्हवर सीडी लिहिली त्यावर ती सुरेख वाजते, कारण तो स्वतःच रेकॉर्डर आहे, आणि बाहेरच्या कुठल्याही प्लेअरला ती रिकामी दिसते. दोन सत्रांच्या सीडीचेही तसेच. 'जागा उरली आहे, राहिलेली दोन गाणी नंतर टाकू' असे म्हणून दुसरे सत्र जोडले तर संगणकाला दोन्ही सत्रे दिसतात. साधा प्लेअर पहिल्या सत्राची सूची वाचून थांबतो. यात त्याचे काही बिघडलेले नसते.

दुसरी गोष्ट उजेडाची. छापील सीडी 780 नॅनोमीटरच्या लेसरचा निदान 70 टक्के प्रकाश परत पाठवते. सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर याच तरंगलांबीसाठी जुळवलेला असतो, त्यामुळे ती छापील सीडीच्या जवळपास जाते. सीडी-आरडब्ल्यू मात्र जेमतेम 15 ते 25 टक्के प्रकाश परतवते. नव्या ड्राइव्हमध्ये एवढा मंद संकेत वाढवून घेण्याची सोय असते. 1997 मध्ये सीडी-आरडब्ल्यू येण्याआधी बनलेल्या प्लेअरकडून तिची अपेक्षाच नव्हती. पुन्हा वापरता येते म्हणून गिऱ्हाइकाला आरडब्ल्यू देणे ही काटकसर नाही. इथे एक चकवाही आहे. सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेअर छापील सीडी बिनतक्रार वाजवत, पण सीडी-आर त्यांना दिसतच नसे, कारण त्यांच्यात डीव्हीडीचा 650 नॅनोमीटरचा एकच लेसर होता आणि त्या तरंगलांबीला सीडी-आरचे रंगद्रव्य पुरेसे परावर्तन देत नाही. 'बाजारातली सीडी वाजते, तुमचीच वाजत नाही' ही तक्रार अशा घरातून आली तर ती अक्षरशः खरी असते, आणि त्यावर आपल्याकडे इलाज नसतो. पण निदान कारण सांगता येते.

सर्वांत फसवी बाब त्रुटींची आहे, आणि आमच्या मुद्द्याचा खरा आधारही तिथेच आहे. ज्या डिस्कवर 700 एमबी डेटा मावतो, तिच्यावर 80 मिनिटांचे संगीत म्हणून सुमारे 800 एमबी मावतात. ही शंभर एमबी येतात कुठून? डेटा सीडीच्या 2,352 बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमधले 2,048 बाइट मजकुराचे असतात आणि उरलेल्यांतले बरेचसे चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत पूर्णच्या पूर्ण 2,352 बाइट ध्वनीला दिलेले असतात. म्हणजे संगीताच्या सीडीला दुरुस्तीचे एक कवच कमी आहे. उरलेले कवच तसे भक्कम आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडाही ते पुरता भरून काढते. त्यापलीकडचे बिघाड प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो आणि तेही जमले नाही तर क्षणभर आवाज बंद करतो. त्यामुळे काठावर पास झालेली सीडी आणि उत्तम लिहिलेली सीडी कानाला सारख्याच वाटतात. फरक पडतो तो डिस्कवर बोटे उमटल्यावर, दोन उन्हाळे गाडीत काढल्यावर, किंवा लेन्स थकलेल्या प्लेअरमध्ये ती गेल्यावर. नियमाप्रमाणे त्रुटींचे प्रमाण सेकंदाला 220 ब्लॉकांच्या आत हवे. चांगली ताजी सीडी त्याच्या खूपच खाली असते. हे मोजून दाखवणारे ड्राइव्ह आणि प्रोग्रॅम अस्तित्वात आहेत, आणि ज्याचा हा धंदा आहे त्याने दर नव्या खोक्यातली एक सीडी तरी मोजून पाहायला हवी. शेवटचाच ट्रॅक का उडतो तेही यातून उलगडते. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि 48 किंवा 52 पट वेगाचे ड्राइव्ह तो कमाल वेग बाहेरच्या कडेलाच गाठतात. हात लागतो तोही कडेलाच. शास्त्रीय मैफलीच्या सीडीत त्या कडेला बहुधा भैरवी असते. 80 मिनिटे काठोकाठ भरण्याच्या हट्टाचा पहिला बळी तीच ठरते.

म्हणून सगळ्यांत कमी वेगाने लिहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. आजच्या डिस्कचे रंगद्रव्य जलद लेखनासाठी बनवलेले असते आणि अगदी एकपट किंवा दुप्पट वेगाला त्यावरच्या खुणा उलट बिघडू शकतात. मधला वेग बहुतेकदा बरा, पण कोणती डिस्क आणि कोणता ड्राइव्ह यावर ते ठरते, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

मधेच पडणाऱ्या शांततेसाठी तर प्लेअरला दोष देणे सरळ अन्यायाचे आहे. ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीत प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मधे दोन सेकंदांची फट राहते. भावगीतांच्या संग्रहात ती चालून जाते. विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश यांचे वेगळे ट्रॅक केले असतील तर तीच फट मैफलीचा श्वास तोडते. संपूर्ण डिस्क एका दमात लिहिणारी डिस्क-ॲट-वन्स पद्धत हाच त्यावर उपाय आहे, आणि तेवढ्यानेही भागत नाही. सीडीवर सेकंदाचे 75 भाग असतात, म्हणजे प्रत्येक भागात 588 नमुने. फाइल या मापात कापली नसेल तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि टाळ्यांच्या किंवा तानपुऱ्याच्या मधोमध बारीक 'टक्' ऐकू येते. व्हिडिओसाठी 48,000 नमुन्यांनी मुद्रित केलेला ध्वनी 44,100 वर आणण्याचे कामही बर्निंग प्रोग्रॅमवर सोडू नये. ते एडिटिंगमध्ये, कानाने तपासून करावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सीडीचा जमाना गेला, पेनड्राइव्ह द्या किंवा लिंक पाठवा. जतनापुरते आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही सीडी-आरवर दीर्घकालीन जतनासाठी विसंबू नये असेच म्हटले आहे, आणि मूळ 24 बिटी मुद्रण दोन वेगळ्या जागी सांभाळणे हे स्टुडिओचे कर्तव्यच आहे. पण जो माणूस सीडी मागतो तो जतनाचे माध्यम मागत नसतो. त्याच्या घरात, नृत्याच्या वर्गात किंवा गाडीत एक विशिष्ट यंत्र असते आणि त्याला त्यावर ऐकायचे असते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढ्या स्वस्त वस्तूसाठी एवढी यातायात कशाला? डिस्क स्वस्त आहे खरी. तिच्यावरच्या मुद्रणासाठी कलाकार, साथीदार आणि तंत्रज्ञ यांनी घालवलेला वेळ स्वस्त नाही, आणि वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना जास्तीचा खर्च येतच नाही. फायनलाइजची खूण करायला किंवा पद्धत बदलायला पैसे पडत नाहीत.

खर्च येतो तो एकाच गोष्टीला. प्रत्येक स्टुडिओने एक जुना, साधा, शक्यतो विसाव्या शतकातला प्लेअर ठेवावा आणि बाहेर जाणारी सीडी त्यावर, विशेषतः शेवटच्या ट्रॅकपासून, वाजवून पाहावी. आणि कागदी लेबले बंद करावीत. डिस्कचा परावर्तक थर नावाच्या बाजूला, केवळ पातळ लॅकरखाली असतो. खालच्या बाजूसारखे 1.2 मिलिमीटर प्लास्टिकचे संरक्षण त्याला नाही. लेबलचा डिंक, बॉलपेनचे टोक किंवा उग्र द्रावकाचा मार्कर त्याला पुरेसा घातक ठरतो. नाव लिहायचे ते सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या पेनने. गाडीतल्या खाचेच्या प्लेअरमध्ये लेबल लावलेली सीडी आत जाते, उन्हाने कागद सुटला की ती बाहेर येत नाही, आणि मग दुरुस्तीचे बिल कुणी भरायचे यावर गिऱ्हाइकाचे मत ठाम असते.