धाकट्याची शंका

शिक्षक असतांना फळ्यावरील माझी चूक एका विद्यार्थ्यानें दाखविली. मीं त्यास दटावून खालीं बसविलें. ती चूक खडूची होती, पुसतां आली. शस्त्रक्रियेंतील चूक पुसतां येत नाहीं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं १९ मुद्द्यांची एक यादी घालून दिली. छेद घेण्यापूर्वीं सर्वांनीं क्षणभर थांबावें. प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें. रोगी कोण, छेद कोठें, हें मोठ्यानें पडताळावें. दिल्लीसह ८ शहरांतील रुग्णालयांत ही रीत पाळल्यावर मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. आरंभीं स्वतःचें नांव उच्चारलेल्या परिचारिकेस पुढें शंका उच्चारण्याचें धैर्य येतें.

वाचकहो, घरांतील धाकट्यानें चूक दाखविली, तर त्यास गप्प बसवूं नका. त्या मुलाची क्षमा मागणें माझें राहूनच गेलें.