'वुड' म्हणजे 'होणार होते' नव्हे



इंग्रजी बातमीवरून मराठी बातमी करताना क्रियापदाचा काळ बिघडतो आणि त्यासोबत बातमीही बिघडते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना 'सेड' आले की पुढच्या 'इज'चे बहुधा 'वॉज' होते, 'विल'चे 'वुड' होते आणि 'हॅज रिझाइन्ड'चे 'हॅड रिझाइन्ड' होते. हा भूतकाळ मूळ वक्त्याचा नसतो. 'सेड'च्या ओढीने क्रियापद एक पायरी मागे सरकलेले असते. मराठीला ही सवय नाही. 'पाणी येईल' हे बोलणे आज सांगा की महिन्याने, ते 'पाणी येईल, असे ते म्हणाले' असेच राहते. ही रीत जुनीच आहे. 1278च्या सुमाराच्या लीळाचरित्रात म्हाइंभटांनी चक्रधरांचे बोलणे त्यांच्याच तोंडच्या शब्दांत दिले आहे. सांगणाऱ्याचा काळ त्यात मिसळलेला नाही.

सूर्या प्रकल्पातून मीरा-भाईंदरला दररोज 218 दशलक्ष लिटर पाणी देण्याच्या योजनेचेच उदाहरण घेऊ. समजा, एखादा अधिकारी म्हणाला, 'काम डिसेंबरपर्यंत पूर्ण होईल.' इंग्रजी बातमीत 'वुड बी कम्प्लीटेड' येईल आणि ते बरोबरच आहे. पण त्यावरून मराठीत 'काम डिसेंबरपर्यंत पूर्ण होणार होते, असे अधिकाऱ्याने सांगितले' असे छापले, तर नवघर रोडवरचा वाचक एकच अर्थ घेईल: काम रखडले आणि अधिकाऱ्याने त्याची कबुली दिली. मराठीत 'होणार होते' याचा अर्थच मुळी 'झाले नाही' असा निघतो. तसेच, 'जलवाहिनीला गळती होती, असे त्यांनी सांगितले' हे वाचून गळती बुजवली असे वाटते, प्रत्यक्षात पाणी अजून वाहत असू शकते. आणि 'नगरसेवकाने राजीनामा दिला होता' असे छापले की तो मागे घेतला की नामंजूर झाला, असा प्रश्न पडतो. शब्दकोश काढून पाहिला तर या वाक्यांतला एकही शब्द चुकीचा ठरणार नाही, तरी तिन्ही बातम्या चुकीच्या आहेत.

यात अधिक वाईट वाटते ते वेगळ्याच कारणाने. आपल्याकडचे मंत्री, आयुक्त आणि नगरसेवक बहुतेक वेळा मराठीतच बोलतात. त्यांचे बोलणे इंग्रजीत जाते, तिथे त्याचा काळ मागे सरकतो, आणि ते मराठीत परतते तेव्हा सरकलेला काळ कोणी पुन्हा जागेवर आणत नाही. म्हणजे मराठी माणसाने मराठीत दिलेले आश्वासन मराठी वाचकापर्यंत मोडलेले म्हणून पोहोचते. पुढे कोणी जाब विचारायला गेले, तर 'मी तसे बोललोच नव्हतो' असे म्हणायला त्याला जागा मिळते, आणि ते खरेही असते.

यावर एक आक्षेप येईल. 'गळती आहे' असे वर्तमानकाळात छापले, तर ते वृत्तपत्राचेच विधान ठरेल. भूतकाळात निदान अंतर राखले जाते. इंग्रजीपुरते यात तथ्य आहे. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985च्या इंग्रजी बृहद्व्याकरणाने नोंदवले आहे की विधान अजून लागू असेल तर 'सेड'नंतरही वर्तमानकाळ चालतो. म्हणजे तिथे 'इज' ठेवायचे की 'वॉज' करायचे, यात सांगणाऱ्याचा कौल डोकावू शकतो. मराठीत मात्र ते अंतर 'असे ते म्हणाले' या शब्दांनीच राखले जाते, आणि संशय दाखवायचा असेल तर 'असा त्यांचा दावा आहे' म्हणायची सोय आहेच. त्यासाठी क्रियापद मागे ढकलावे लागत नाही. दुसरा आक्षेप असा की बातमी दुसऱ्या दिवशी वाचली जाते, तेव्हा काळ बदलायलाच हवा. बदलायचा तो 'उद्या' हा शब्द. त्याजागी तारीख घालावी आणि 'होईल' तसेच ठेवावे.

तिसरी अडचण मात्र खरी आहे. इंग्रजीत 'सेड द रोड वॉज क्लोज्ड' एवढेच असेल, तर वक्ता 'बंद आहे' म्हणाला की 'बंद होता', हे वाक्यावरून कळत नाही. 'लास्ट वीक'सारखा शब्द सोबत असेल तर प्रश्न सुटतो, नसेल तर फक्त मूळ भाषणच उत्तर देऊ शकते. रात्री पाने लावण्याच्या घाईत उपसंपादकाने प्रत्येक भाषण शोधावे, अशी अपेक्षा नाही. पण पाणी, रस्ते, मेट्रो यांच्या स्थानिक बातम्यांत बातमीदार स्वतः हजर असतो किंवा चित्रफीत हाताशी असते. तिथे इंग्रजी मजकुरावर विसंबण्याचे कारण नाही.

या चुकीचे मूळ शाळेत आहे, असे मला वाटते. 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'चे तक्ते मुलांकडून घोटून घेतले जातात: 'इज'चे 'वॉज', 'विल'चे 'वुड'. रूप बदलले तरी बोलण्याचा अर्थ बदललेला नाही, हे त्या तक्त्यांत कुठेच नसते, आणि तेच वाक्य मराठीत कसे सांगाल असे क्वचितच विचारले जाते. शाळा सुधारायला वेळ लागेल. आपल्या दैनिकाने मात्र उपसंपादकांना एक सूचना आजच द्यावी: इंग्रजीत 'सेड' दिसले की पुढचे क्रियापद भाषांतरित करण्याआधी मूळ वक्त्याच्या तोंडी घालून पाहावे, आणि त्याच्या तोंडी जो काळ शोभेल तोच छापावा.

एक वाचक, नवघर, भाईंदर (पूर्व)