केसपेपरवर नसलेले नाव

मुलाच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे आहे, हे निदान करावयास आपणां डॉक्टरांना काही भेटी पुरतात. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मात्र ते मूल आपल्या दवाखान्यात नव्हे, तर आईच्या आणि विशेष शिक्षिकेच्या देखरेखीखाली काढते. तरीही केसपेपरवर रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरांचे नाव असते, प्रयोगशाळेचे असते. त्या शिक्षिकेचे नसते. ते असावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तुतः विशेष शिक्षणाचा पाया वैद्यकाच्याच मंडळींनी घातला. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. इतार यांनी रानात सापडलेल्या एका मुलाला शिकविण्याचा खटाटोप केला. त्यांचे शिष्य सेगँ यांनी त्या प्रयत्नांना शास्त्राचे रूप दिले. त्या दोघांचे ग्रंथ अभ्यासून रोममधील डॉ. मारिया मॉंटेसरी यांनी प्रथम मंदबुद्धी मानल्या गेलेल्या मुलांना शिकविले आणि मग १९०७ साली आपले सुप्रसिद्ध बालगृह उघडले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामुळे जी बालशिक्षणपद्धती घरोघरी ठाऊक झाली, तिचे एक मूळ असे या ‘न शिकणाऱ्या’ मुलांत आहे. मुंबईत १९४४ साली डॉ. होरमसजी व जय वकील या दांपत्याने विशेष शाळा सुरू केली, ती डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येच्या निमित्ताने. पुढे निदान आपल्याकडे राहिले आणि शिकविणे शिक्षिकांकडे गेले. ही कामाची वाटणी योग्यच होती. तुटला तो संवाद.

हे मत मी केवळ ग्रंथांवरून बनविलेले नाही. माझ्या काकूंनी बडोद्यात एकतीस वर्षे हे काम केले. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण नावाचा गाजावाजा त्यांना कधीच रुचला नाही. गुजराती पालकांच्या त्या ‘बेन’, आमच्या काकू. प्राथमिक शाळेत शिकवीत असता मागच्या बाकावर वर्षानुवर्षे नुसता बसविलेला एक मुलगा त्यांनी पाहिला आणि त्याच्यासाठी मुंबईस जाऊन प्रशिक्षण घेतले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला व १९०६ साली ते सर्व संस्थानात लागू केले, याचा आपणां बडोदेकरांना सार्थ अभिमान आहे. ‘सर्व’ या शब्दात मागच्या बाकावरचे मूलही येते, एवढाच काकूंचा आग्रह होता.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. सदऱ्याचे बटण लावणे ही आपल्या दृष्टीने एक कृती. त्यांच्या दृष्टीने सहा-सात. आधीच्या सगळ्या त्या स्वतः करीत आणि काजातून अर्धे बाहेर आलेले बटण ओढण्याची शेवटची तेवढी मुलाला करू देत. ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन. असे उलट्या क्रमाने शिकविल्यामुळे काम पुरे केल्याचा आनंद रोज मुलाच्याच वाट्याला येई. एका मुलीला स्वतःच्या हाताने जेवावयास त्यांनी अकरा महिने शिकविले. त्या अकरा महिन्यांनंतर त्या मुलीची आई कित्येक वर्षांनी नातलगांच्या लग्नाला जाऊ शकली. हे फळ कोणत्याही तपासणीच्या अहवालात दिसत नाही.

घरीही त्यांची रीत निराळी नव्हती. चौदा माणसांचा संसार, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन नणंदांची लग्ने, जावांची बाळंतपणे, हे सारे त्यांच्या विचाराने चाले. दिवाळीत करंजी लाटणे व सारण भरणे मोठ्यांकडे. कातणाने कड कातण्याचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाचा. ज्याला जे झेपेल ते काम, पण काम प्रत्येकाला, हा त्यांचा नियम. सासूबाईंचा उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने शेंगा सोलण्याचे काम त्यांनी सासूबाईंकडे दिले आणि त्यांना घरात पुन्हा मोठेपणाचे स्थान मिळाले.

परंतु अशा स्त्रीला ‘समर्पित’ म्हणून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही. ते विशेषण पुष्कळदा वेतनाऐवजी दिले जाते. काकूंना नियमित शाळेतील शिक्षिकांपेक्षा कमी पगार मिळे आणि मोठ्या मुलांना उचलून-बसवून त्यांची कंबर कायमची दुखावली. त्या घराबाहेर पडू शकल्या, कारण सकाळचा स्वयंपाक माझ्या आईने अंगावर घेतला होता आणि काका स्वतःचा डबा स्वतः भरीत. एका व्यक्तीच्या त्यागाचे गोडवे गाताना तिला उभे करणारी ही व्यवस्था विसरू नये.

आता आपल्या व्यवसायाविषयी. मी बालरुग्णांची प्रॅक्टिस सुरू केल्यावर काकूंच्या चिठ्ठ्या मला येत. ‘तीन महिन्यांपासून दुपारी पेंगतो, अंगावर सूज वाटते, शिकलेले विसरू लागला आहे.’ डाऊन सिंड्रोम असलेल्या त्या मुलाची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली निघाली. ‘बोलता बोलता क्षणभर टक लावते, मग पुढे चालू लागते.’ ती फेफऱ्याची सौम्य जात होती. ‘हट्टी नाही, डाव्या बाजूने हाक मारली तर ऐकत नाही.’ कानाच्या पडद्यामागे द्रव साठला होता. दहा मिनिटांच्या तपासणीत हे मला दिसले असते, असा दावा मी करणार नाही. रोज पाच तास मुलाकडे पाहणारी प्रशिक्षित दृष्टी ही तपासणीच आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, निदान सांगताना ‘याचे काही होणार नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये. त्याच भेटीत पालकांना पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षिकेचे नाव द्यावे. ही परिषद १९९२ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आली आहे. तिच्या नोंदीचा उपयोग आपण करावा. दुसरी, शिक्षिकेचे निरीक्षण लेखी मागवावे, केसपेपरला जोडावे आणि आपला निष्कर्ष पालकांच्या संमतीने तिला कळवावा. तिसरी, ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न आई-बाप विचारण्यापूर्वी आपणच काढावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आहे. मूल अठरा वर्षांचे होताच हा विषय पुढे यावयास हवा, आणि पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना त्याची वार्ताही नसते.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले व सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. कायदा दार उघडतो. मुलाला हात धरून आत नेणारी व्यक्ती शिक्षिका असते. तिचा सत्कार वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन करण्यास माझी हरकत नाही. त्याआधी तिचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर लिहावा, एवढेच मागणे आहे.