तारुण्यपिटिका आणि औषधाची निवड

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात कपडा घासाघीस करून घेता येतो. तो अंगाला बसला नाही, तर नुकसान केवळ पैशांचे होते. चेहऱ्यास लावावयाचे औषध या रीतीने निवडता येत नाही. आपली कुमारवयीन मुले मात्र ते पुष्कळदा मित्रांच्या वा दुकानदाराच्या शब्दावर घेतात.

तारुण्यपिटिका अस्वच्छतेमुळे होत नाहीत. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, रोमकूपांची तोंडे मृत पेशींनी बुजतात, आत जिवाणू वाढतात आणि दाह होतो. म्हणून चेहरा वारंवार घासल्याने त्या जात नाहीत. उलट दाह वाढतो.

सौम्य पिटिकांवर बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापेलीन यांसारखी औषधे उपयुक्त ठरतात. परंतु गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. हा विलंब कुमारवयास सोसवत नाही, आणि येथेच घात होतो. स्टेरॉइडयुक्त मलमाने लाली थोड्याच दिवसांत ओसरते. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, नव्या पिटिका उद्भवतात आणि मलम थांबविताच दाह उसळतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यास अशी औषधे लावीत असल्याचे आढळले. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तथापि घरातील अर्धी उरलेली नळी कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते.

‘वयाबरोबर जातील’ असे म्हणून स्वस्थ बसणारे वडीलही निर्दोष नाहीत. खोल, दुखऱ्या गाठींचे व्रण आयुष्यभर राहू शकतात. तेथे वाट पाहणे हाच अपाय होय.

माझ्या मते, नळीवरील घटकांची नावे वाचणे हा शालेय आरोग्यशिक्षणाचा भाग असावा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही नावे दिसताच विद्यार्थ्याचा हात थांबला पाहिजे. औषधात काय आहे, ते किती दिवस लावावयाचे आणि ते कोणी सुचविले, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. उत्तर न मिळाल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सरोजिनी नगरच्या रहिवाशांना तर सफदरजंग हे सरकारी रुग्णालय जवळच आहे. तेथवर मुलास नेणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.