सूर्य मावळलाच नाही तर?

पहाटे रोजा धरावा आणि सूर्यास्ताला सोडावा, हा नियम तसा सोपा. पण सूर्य मावळलाच नाही तर? नॉर्वेच्या उत्तर भागातील ट्रॉम्सो शहरात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही. 2015 व 2016 साली रमजान नेमका या काळात आला. मग तेथील मुसलमानांनी काय महिनाभर उपाशी राहावे?

तसे नाही. एखादा दिवस वर्षाएवढा लांबला तर नमाज कसा पढावा, असे विचारले असता पैगंबरांनी वेळेचा अंदाज बांधायला सांगितले, असे हदीसमध्ये आहे. तोच आधार येथे उपयोगी पडतो. दक्षिणेकडील ऑस्लोची वेळ धरावी तर जूनमध्ये अठरा तासांहून अधिक उपास घडतो; मक्केची धरली तर सुमारे पंधरा. ट्रॉम्सोतील अनेकांनी मक्केची धरली. मक्केत सायंकाळी सातला सूर्य मावळत असेल, तर ट्रॉम्सोच्या घड्याळात सात वाजताच, लख्ख उन्हात, खजूर तोंडात पडतो!

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 च्या जानेवारीच्या आरंभी तो येईल, तेव्हा ट्रॉम्सोत सूर्य उगवलेलाच नसेल. तेव्हाही भरवसा घड्याळाचाच. ढगाळ संकष्टीला पंचांगातील चंद्रोदयाची वेळ पाहून पाने वाढणाऱ्या आपल्याला, वाचकहो, यात नवल ते काय वाटावे?